संगणक तापला म्हणून घाबरू नका, कारण शोधा



वैशाखातल्या नागपुरी उन्हात माणूस तापतो, छपराचा पत्रा तापतो, नळाचे पाणीसुद्धा तापते. मग संगणक तापला तर नवल ते काय? परंतु इंदोऱ्यातल्या एका घरात या तापण्यावरून चांगलाच वाद पेटला होता. त्या वादात एका मुलीचा अभ्यास बुडण्याची पाळी आली होती, म्हणून आम्ही हा विषय आज कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

घर कष्टकऱ्याचे. वडील एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक. आई घरी शिवणकाम करते. मुलगी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा अकरावीत. आईने बचत गटाचे कर्ज काढून मुलांसाठी बर्डीवरून एक जुना छोटा संगणक आणला. अशी यंत्रे आता पुष्कळ घरांत दिसतात. कार्यालये आणि बँका काही वर्षे वापरून ती काढून टाकतात, व्यापारी ती पुसूनपासून विकतात. लांबी-रुंदी जेमतेम १८ सेंटिमीटर, जाडी दोन बोटे. एक लिटर दुधाच्या पिशवीला लागते तेवढ्या जागेत अख्खा संगणक!

दिवसा मुलगी त्यावर आपला प्रकल्प करी आणि रात्री मुलगा मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळे. दहा-पंधरा मिनिटे झाली की पंखा घोंघावू लागे, पडद्यावरची मोटार अडखळू लागे, आणि एकदा तर यंत्र आपोआप बंद पडले. मुलाने तापमान दाखवणारा प्रोग्राम घालून पाहिला. आकडा होता ९८!

वडील म्हणाले, "शंभरावर पाणी उकळते बाप्पा! दोनच डिग्री उरल्या. हा डबा एखाद्या दिवशी घर जाळून टाकीन."

शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. दुरुस्तीवाला न उघडताच म्हणाला, प्रोसेसर कामातून गेला, बोर्डासकट बदला. त्याने सांगितलेला खर्च संगणकाच्या अर्ध्या किमतीएवढा होता. शेवटी वडिलांनी ठरवले की यंत्र येईल त्या किमतीला विकून टाकायचे. खेळ बंद झाला असता तर आम्हांला फारसे वाईट वाटले नसते. पण कर्जाचे हप्ते उरणार होते आणि मुलीचा प्रकल्प अर्ध्यावर राहणार होता. तिने आम्हांला बोलावले.

९८ अंश म्हणजे काय?

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. प्रत्यक्षात तो सिलिकॉनचा एक पातळ तुकडा असतो, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यात अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. ते दर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. त्यासाठी जी वीज लागते, तिची अखेरीस जवळजवळ सगळी उष्णताच होते.

या घरातल्या संगणकात इंटेल कंपनीचा आय-५ ८५००टी हा प्रोसेसर होता. त्याची ठरलेली क्षमता ३५ वॅट. "एवढीच?" असे मुलीच्या आईने विचारले. "माझी इस्त्री तर हजार वॅटची आहे."

प्रश्न मार्मिक होता, म्हणून हिशेबच मांडला. इस्त्रीचा तळ ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर हजार वॅटची उष्णता त्यावर पसरून एका चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला ५ वॅट येतात. प्रोसेसरचा तुकडा फार तर दीड चौरस सेंटिमीटरचा. ३५ वॅट त्यात कोंबले की एका चौरस सेंटिमीटरला २३ वॅट झाले. म्हणजे इस्त्रीच्या चौपटीहून अधिक! उष्णता एकूण थोडीच असते, पण ती इतक्याशा जागेत दाटलेली असते. ती लगोलग काढून नेली नाही, तर आकडा झरझर चढतो.

म्हणूनच ९८ हा आकडा पाहून घर पेटण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. तो त्या नखाएवढ्या तुकड्याच्या आतल्या सर्वांत तापलेल्या जागेचा आकडा आहे. खोक्याचा नाही, टेबलाचा तर नाहीच नाही. तुकडा लहान असल्यामुळे खेळ सुरू होताच तो दोन-चार सेकंदांत वीस-तीस अंश उडी मारतो आणि खेळ थांबताच तितक्याच लवकर खाली येतो. यात बिघाड काही नाही.

यंत्र स्वतःला सांभाळते

प्रत्येक प्रोसेसरला बनवणाऱ्याने एक कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. वर सांगितलेल्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. एएमडी कंपनीच्या ५६००जी या प्रोसेसरची ९५ आहे. याच कंपनीने २०२२ साली रायझन ७००० ही मालिका काढली, तेव्हा त्यातले वरच्या दर्जाचे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाणारच, ते तसेच घडवलेले आहेत, असे उघड सांगितले. म्हणून शेजाऱ्याच्या संगणकाचा आकडा आपल्याला लावू नये. आपल्या प्रोसेसरचे पूर्ण नाव पाहावे आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्याची मर्यादा शोधावी.

मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. वेग उतरला की वीज कमी लागते आणि उष्णताही घटते. मुलाची मोटार अडखळत होती ती यामुळेच. तरीही ताप आवरला नाही, तर प्रोसेसर सारे यंत्र बंद करून टाकतो. चढावावर इंजिन तापले तर शहाणा ड्रायव्हर गाडी हळू करतो आणि फारच तापले तर बाजूला घेऊन उभी करतो. तसेच हे. यंत्र बंद पडले म्हणजे ते मेले असे नव्हे. त्याने स्वतःला वाचवले.

मात्र याचा अर्थ रोज तासन्‌तास ९८ वर चालू द्यावे, असाही नाही. सततच्या उष्णतेने इलेक्ट्रॉनिक भागांचे आयुष्य घटते. पंखा सारखा पूर्ण वेगाने फिरून झिजतो, आणि आपण पैसे मोजलेला वेग आपल्याला मिळत नाही. ताप आला म्हणून माणूस लगेच मरत नाही; पण ताप कशाने आला हे पाहावेच लागते.

उष्णतेपुढे मोठमोठ्या कंपन्यांनाही हात टेकावे लागले आहेत. पेन्टियम ४ च्या पुढचा प्रोसेसर इंटेल तयार करीत होती. त्याचे ठेवणीतले नाव होते 'तेजस'. वेग वाढवावा तशी उष्णता आवरेना, आणि २००४ साली तो प्रकल्पच कंपनीने सोडून दिला. एकच गाभा बेफाम पळवण्याऐवजी एका तुकड्यात दोन, चार, सहा गाभे बसवण्याचा मार्ग मग रूढ झाला. आपल्या मुलीच्या संगणकात सहा गाभे आहेत, त्यामागे असा इतिहास आहे.

खेळातच का तापतो?

पत्र टंकताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. दोन अक्षरे दाबण्यामधला वेळ त्याच्या हिशेबाने म्हणजे युगच. खेळात तसे नसते. मोटार कुठे आहे, धक्का कुणाला लागला, सावली कुठे पडली, हे सारे गणित सेकंदाला कित्येक वेळा नव्याने मांडून चित्र काढायचे असते. आपल्या छोट्या संगणकात चित्र काढणारा भाग वेगळा नसतो. तोही त्याच नखाएवढ्या तुकड्यात असतो. दोन्ही कामकरी एकाच खोलीत घाम गाळतात.

शिवाय खेळाला लगाम घातला नाही, तर तो जमतील तितकी चित्रे काढीत सुटतो. साधा पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकतो. यंत्राने ९० काढली तर वरच्या ३० चित्रांनी वीज खाल्ली आणि ताप वाढवला; पडद्यावर त्यांचा उपयोग फारसा नाही.

मेकॅनिकने रोग ओळखला

आता छोटेपणाचा मुद्दा. मोठ्या खोक्यात ॲल्युमिनियमच्या पात्यांचा मोठा ठोकळा आणि मोठा पंखा बसतो. इथे ठोकळाही चपटा आणि पंखाही छोटा. हवा पुढच्या जाळीतून आत यायची, ठोकळ्याच्या पात्यांमधून जायची आणि मागून बाहेर पडायची, एवढीच अरुंद वाट. ती वाट अडली की संपले.

आम्ही हे सांगत होतो तोच वडील मध्येच म्हणाले, "म्हणजे हे रेडिएटरच झाले की! जाळीत माती भरली का गाडी तापते."

तीस वर्षे गाड्यांचे रेडिएटर साफ केलेला हा माणूस. पण हा डबा 'शिकलेल्यांचा', त्यातले आपल्याला काय कळणार, असे धरून तो इतके दिवस लांब उभा होता. आता ते उठले आणि त्यांनी संगणक कुठे ठेवला आहे ते नीट पाहिले. तो ठेवला होता काचेच्या शोकेसमध्ये, दार लावून. धूळ बसू नये म्हणून वरून आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल घातलेला. रुमालाची कड पुढच्या जाळीवर उतरली होती. घरातल्या सर्वांत मोलाच्या वस्तूला घराने सर्वांत मानाची जागा दिली होती, आणि त्या मायेनेच तिचा श्वास कोंडला होता. बंद शोकेसमध्ये यंत्र आपणच बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढत होते.

मुलीने वही घेतली. एका वेळी एकच बदल करायचा, तोच खेळ वीस मिनिटे खेळायचा आणि आकडा लिहायचा, असे ठरले. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. त्या रात्री खोलीतले तापमान ३८ अंश होते.

शोकेसमध्ये, रुमालासकट: ९८.
बाहेर टेबलावर, रुमाल काढून: ८९.
आतली धूळ काढल्यावर: ८२.
जुनी पेस्ट काढून नवी लावल्यावर: ७६.
खेळाला ६० चित्रांचा लगाम घातल्यावर: ६९.

पहिले नऊ अंश एक पैसाही न खर्चता उतरले. खर्च झाला तो फक्त पेस्टच्या छोट्या नळीचा. बोर्ड तेच, प्रोसेसर तोच!

घरी काय करावे?

१. तापमान पाहण्यासाठी कोअर टेम्प, एचडब्ल्यू मॉनिटर असे प्रोग्राम घरगुती वापराला फुकट मिळतात. ते बनवणाऱ्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावेत. रिकामे असताना आणि वीस मिनिटे खेळल्यावर, असे दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

२. संगणक उघड्यावर, कठीण पृष्ठभागावर ठेवावा. गादी, शोकेस, टी.व्ही.च्या मागची फट टाळावी. हवेची वाट असलेल्या बाजूंना चार बोटे तरी मोकळी जागा सोडावी. आपल्याकडच्या पाण्याच्या कूलरचा झोत मात्र थेट संगणकावर घेऊ नये. त्या हवेत ओल असते आणि कधी थेंबही उडतात.

३. धूळ काढण्यापूर्वी यंत्र बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. खोक्याच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. मऊ कोरड्या ब्रशने पात्यांमधली धूळ काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, भिरभिरू देऊ नये. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण जातात. जुन्या वस्तूवरही दुकानदाराची हमी असेल, तर उघडण्यापूर्वी त्याला विचारून घ्यावे.

४. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक करडी पेस्ट असते. दोन्ही पृष्ठभागांतल्या बारीक फटी भरून उष्णता पुढे देणे हे तिचे काम. वर्षानुवर्षे तापून ती वाळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसून काढावी आणि हरभऱ्याच्या डाळीएवढी नवी मधोमध ठेवावी. जास्त लावल्याने जास्त गुण येत नाही. ठोकळ्याचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. हे सांगताना आम्हांला वाटले की समजावून द्यावे लागेल; पण वडील हसले. इंजिनाचे हेड बसवताना बोल्ट असेच तर आवळतात!

५. खेळाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला किती चित्रे काढायची याची मर्यादा असते, ती ६० ठेवावी. सावल्या आणि चित्राचा बारकावा एक पायरी उतरवावा. एवढ्याने भागले नाही, तर विंडोजच्या वीज-योजनेत प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहावी. पुष्कळ यंत्रांत त्यामुळे प्रोसेसरची जादा धाव थांबते. वेग थोडा कमी होतो, ताप बराच उतरतो.

६. ऋतूचे भान ठेवावे. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही वर चढतो. डिसेंबरात ६५ दाखवणारे यंत्र मे महिन्यात ८० दाखवील, आणि त्यात त्याचा दोष नसेल. अशा दिवसांत जड खेळ दुपारी न खेळता सकाळी खेळावा.

दुकानात केव्हा न्यावे?

पंखा फिरतच नसेल किंवा खरखरत असेल, साफसफाई करूनही यंत्र आपोआप बंद पडत असेल, किंवा काही न करता नुसते चालू ठेवले तरी आकडा ९० च्या वर जात असेल, तर जाणकाराला दाखवावे. जळका वास आला, किंवा वीज देणारा अडॅप्टर हात लावू नये इतका तापला, तर तत्क्षणी वीज तोडावी. तिथे प्रयोग करू नयेत. आणि दुकानात जाताना आकड्यांची वही बरोबर न्यावी. ज्याच्या हातात वही आहे, त्याला "बोर्ड बदला" असे सहजासहजी कोणी सांगत नाही.

शेवटी थोडेसे

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या वाडवडिलांनी धम्मदीक्षा घेतली. दृष्ट, नवस, अंगारे-धुपारे त्यांनी घराबाहेर काढले. त्या घरातही शेजारणीचे बोलणे कोणी मनावर घेतले नाही. पण विचार करा, "यंत्र तापले, म्हणजे आता आग लागणार, विकून टाका" हे तरी त्याच भीतीचे दुसरे रूप नव्हते काय? आणि न उघडताच बोर्ड बदलायला सांगणारा दुरुस्तीवाला, त्याचे म्हणणे तरी का मानायचे? तथागतांनी शिकवले की जे काही घडते ते कारणाने घडते. कारण दूर केले की परिणामही दूर होतो. दुःखाला लागू पडणारा हा विचार एका तापलेल्या संगणकालाही लागू पडला.

दुसरी गोष्ट आम्हांला त्याहून मोठी वाटली. वडील इतके दिवस मुलीला म्हणत, "तुझ्या यंत्रातले मला काही समजत नाही." त्या रात्री बाप स्क्रू आवळत होता आणि लेक आकडे लिहीत होती. दोघांचे ज्ञान एकाच टेबलावर आले होते. कामगाराच्या हातात असलेली विद्या ही विद्याच आहे. तिला पुस्तकाची जोड मिळाली की ती कुणापुढे दबत नाही.

आपल्या विहारांच्या अभ्यासिकांमधूनही असे जुने संगणक आहेत. त्यातले किती कपाटात कोंडलेले आहेत, किती धुळीने गुदमरले आहेत, ते एका रविवारी मुलामुलींनी मिळून पाहावे, अशी आमची विनंती आहे. ब्रश, वही आणि एखादा मेकॅनिक काका एवढे पुरे.

त्या घरातला संगणक आता टेबलावर, खिडकीजवळ आहे. मुलीचा प्रकल्प वेळेत पूर्ण झाला. मुलाला रात्री एक तास खेळायची परवानगी आहे. खेळ संपला की आकडा वहीत लिहायचा, एवढीच अट. आणि आजीचा क्रोशाचा रुमाल? तो आता टेबलावर, संगणकाच्या खाली नव्हे तर शेजारी, मुलीच्या वह्यांवर घातलेला असतो.